फाटकाची पट्टी-बिजागरी: भट्टीपासून खांबापर्यंत

वाडीचे किंवा अंगणाचे लाकडी फाटक दोन-तीन पावसाळ्यांत खाली बसते, त्याचे टोक जमिनीला घासू लागते आणि मग रोज ते उचलून ढकलावे लागते. दोष लाकडाला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा बिजागरीत असते: पातळ पत्र्याची बिजागरी, चार बारीक स्क्रू आणि त्यांच्यावर टांगलेले चाळीस किलो वजन. जाड पट्टीची घडीव बिजागरी हे काम कितीतरी चांगले करते. ती घरच्या छोट्या भट्टीवर करता येते. लोहारकाम शिकणाऱ्याला तिच्यासारखा दुसरा धडा नाही, कारण कापणे, निमुळते करणे, वळवणे, भोक पाडणे आणि लोखंड कोंबून जाड करणे हे सगळे एकाच जोडीत येते.

या बिजागरीचे भाग दोनच. एक लांब पट्टी, जिच्या टोकाला गोल नेढे वळवलेले असते. ती फाटकावर बसते. दुसरा काटकोनात वाकवलेला आकडा. त्याचा एक पाय खांबात जातो आणि दुसरा, म्हणजे खुंटी, सरळ वर उभी राहते. नेढे खुंटीवर वरून बसवले की फाटक टांगले जाते आणि उचलले की निघते. युरोपात मध्ययुगापासून कोठारांची, तबेल्यांची आणि चर्चची दारे अशीच टांगली जात. आपल्याकडचे गडांचे आणि वाड्यांचे मोठे दरवाजे वेगळ्या रीतीने फिरतात. त्यांच्या कडेचा खुंटा खाली दगडी खळग्यात आणि वर दुसऱ्या खळग्यात बसतो, त्यामुळे सगळे वजन जमिनीवर उतरते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या एकेका झडपेवर ७२ अणकुचीदार सुळे आहेत. एवढे वजन खांबावर टांगण्यापेक्षा जमिनीवर टेकवणेच शहाणपणाचे. आपल्या फाटकाला मात्र पट्टी-बिजागरी पुरेशी आहे, फक्त तिच्यावर नेमका कसा जोर येतो हे आधी समजून घ्यायला हवे.

आधी हिशेब

समजा फाटक १२० सेंमी रुंद आणि ४० किलो वजनाचे आहे, आणि दोन बिजागऱ्यांत ८० सेंमी अंतर आहे. फाटकाचे वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे खुंटीपासून ६० सेंमीवर आहे असे धरा. ४० गुणिले ६० भागिले ८०, म्हणजे ३०. वरची बिजागरी ३० किलोच्या जोराने ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने दाबली जाते. आता २५ किलोचे एखादे पोर फाटकाच्या टोकाला लोंबकळून झोका घेऊ लागले, आणि फाटक असेल तिथे हे होतेच, तर वरच्या बिजागरीवर आणखी साडेसदतीस किलो ओढ वाढते.

यातून तीन गोष्टी ठरतात. बिजागऱ्यांमधले अंतर जितके जास्त, तितका जोर कमी; म्हणून त्या शक्य तेवढ्या वर आणि खाली लावा. वरचे नेढे उलगडायला बघते, म्हणून ते घट्ट बंद झालेले हवे. आणि फाटक पूर्ण उघडले की हीच ओढ वरचा आकडा खांबातून उपटू पाहते, म्हणून वरचा आकडा नुसता ठोकून भागत नाही. तो खांबातून आरपार काढून मागे नटाने आवळावा. खालचा ठोकून बसवलेला चालतो. वर आणि खाली एकसारखे आकडे लावणे ही नवशिक्यांची नेहमीची पद्धत, आणि वरचा आकडा सैल होण्याचे कारणही तेच.

माल आणि हत्यारे

हार्डवेअरच्या दुकानात ४० बाय ६ एमएमची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधे मऊ पोलाद) पट्टी आणि १६ एमएमची साधी गोल सळई मागा. बांधकामाची टीएमटी सळई नको. तिच्या अंगावर कंगोरे असतात, त्यामुळे खुंटी गुळगुळीत होत नाही. ‘रॉट आयर्न’ म्हणून ज्या नक्षीदार जाळ्या आणि फाटके विकली जातात तीही एमएसचीच असतात. जुने खरे रॉट आयर्न तंतुमय असे, आता ते बाजारात नवे मिळत नाही. एमएस त्याच्याइतके गंज सोसत नाही, पण घडवायला चांगले आहे.

भंगारातून माल घेणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी किंवा पाइप भट्टीत अजिबात घालू नका. जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो, श्वासाला त्रास होतो. क्रोम चढवलेल्या वस्तूंचेही तेच.

हत्यारे मोजकी: ऐरण, साधारण एक किलोचा हातोडा (एक तोंड सपाट, दुसरे चोचीसारखे), पट्टी आणि सळई घट्ट धरतील अशा दोन सांडश्या, छिन्नी, गोल पंच, कानस, व्हाइस, गुण्या आणि ओळंबा. ऐरण नसेल तर रेल्वेच्या रुळाचा भंगारात विकत मिळालेला तुकडा जाड ओंडक्यावर पक्का बसवून घ्या. पंच ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला असला तर उत्तम. डोळ्यांना चष्मा, पायात चामड्याचे बूट, अंगात सुती कपडे. टेरिकॉट किंवा पॉलिस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: जमिनीवर पडलेले कुठलेही लोखंड हातात घेण्याआधी हाताची मागची बाजू त्याच्या जवळ न्या. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही. भाजते ते काळे पडलेल्या लोखंडाने, कारण काळे झाल्यावरही ते तीन-चारशे अंशांवर असू शकते.

शक्य असेल तर सुरुवातीला गावातल्या लोहाराच्या भट्टीवर थोडे दिवस नुसते बघायला बसा. बारा बलुतेदारांपैकी हा एक. कुठे शेतीची अवजारे शेवटणारा, म्हणजे त्यांची झिजलेली टोके नीट करून देणारा लोहार अजून आहे, कुठे हंगामात घिसाड्यांचे पाल पडते. घिसाडी कुटुंबांत बाई घण मारते आणि पुरुष सांडशीत लोखंड फिरवत छोट्या हातोड्याने घाव कुठे हवा ते दाखवतो. तो ताल डोळ्यांनी पाहिला की हातोड्याच्या वजनाला आपले काम करू द्यायचे म्हणजे काय, ते लगेच कळते.

ताव

लोणारी कोळसा नवशिक्याला बरा. तो जास्त लागतो आणि ठिणग्या उडतात, पण धूर कमी असतो आणि विस्तव स्वच्छ असतो. भात्याची हवा येते त्या तोंडावर आठ-दहा सेंमी निखारे असू द्या आणि लोखंड त्यांच्या वर, विस्तवाच्या पोटात ठेवा, वरून पुन्हा कोळसा. लोखंड अगदी हवेच्या तोंडाशी गेले तर तापण्याऐवजी जळते आणि त्यावर पापुद्रे जमतात.

रंग ओळखायला शिका, आणि तो सावलीत ओळखा. उन्हात लाल लोखंड काळे दिसते, म्हणून भट्टी छपराखाली हवी, तीही हवा खेळती असलेल्या जागी. घडाईसाठी भडक केशरी ते पिवळा रंग हवा, साधारण हजार ते बाराशे अंश सेल्सिअस. मंद लाल झाले की थांबा आणि परत विस्तवात घाला. थंड पडत चाललेल्या लोखंडावर मारलेला घाव आकार देत नाही. मनगट दुखवतो आणि वळणावर चीर पाडतो. पांढरे होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या फुटल्या तर लोखंड जळाले. तेवढा भाग कापून टाकावाच लागेल.

पहिले काम आकड्याचे

पट्टीला आधी हात घालायचा मोह होतो, कारण ती दिसायला देखणी. पण नेढे खुंटीच्या मापाने वळवायचे असते, म्हणून खुंटी आधी.

खांब १५ सेंमी जाड आहे असे धरू. वरच्या आकड्यासाठी सळईचा २६ सेंमीचा तुकडा कापा, खालच्यासाठी २१ सेंमीचा. वरची खुंटी ५ सेंमी उंच, खालची ६ सेंमी. हा एक सेंमीचा फरक मुद्दाम ठेवायचा: फाटक टांगताना आधी खालचे नेढे खुंटीत अडकते, मग वरचे. दोन्ही खुंट्या सारख्या असल्या तर जड फाटक हातात धरून दोन्ही नेढी एकाच वेळी जुळवत बसावे लागते.

गोल सळई तशीच वाकवली तर कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंड ताणून पातळ होते, आणि सगळा जोर नेमका तिथेच येतो. म्हणून कोपरा आधी जाड करून घ्यायचा. जिथे वाकवायचे तिथे पंचाने खूण करा. तो भाग पिवळा होईपर्यंत तापवा, खुणेच्या दोन्ही बाजूंना थोडे पाणी ओतून फक्त मधला भाग गरम ठेवा, आणि सळई उभी धरून ऐरणीवर आपटा, किंवा वरच्या टोकावर हातोडा मारा. मधला भाग फुगेल. सळई वाकडी होऊ लागली की लगेच सरळ करा, वाकड्यावर मारत राहू नका. दोन-तीन तावांत तो भाग २० एमएमच्या आसपास जाड झाला की पुरे. सळई यात एक-दीड सेंमी आखूड होते. आधी दिलेल्या दोन्ही मापांत ही घट धरलेली आहे.

आता व्हाइसमध्ये धरून खूण तोंडाच्या रेषेवर आणा आणि काटकोनात वाकवा. आतला कोपरा गोलसर राहतो. त्यावर नेढे सपाट बसत नाही, म्हणून ऐरणीच्या धारेवर ठेवून दोन्ही बाजूंनी हळूहळू ठोकत कोपरा टोकदार करा. गुण्या लावून बघा. इथे घाई नको; खुंटी एक-दोन अंशांनी जरी कलली तरी फाटक फिरताना वर-खाली होते.

वरच्या आकड्याच्या आडव्या पायावर १६ एमएमच्या डायने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे पाडा. खालच्याचा पाय चौकोनी करून टोकाकडे निमुळता काढा. चौकोनी पाय लाकडात फिरत नाही, गोल फिरतो.

नेढे

वळणासाठी पट्टी किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. नेढ्याचा आतला व्यास आणि पट्टीची जाडी यांची बेरीज करा आणि तिला ३.१४ ने गुणा. खुंटी १६ एमएम, तिला फिरायला एक एमएम मोकळीक, म्हणजे आतला व्यास १७. त्यात जाडी ६ मिळवून २३. गुणाकार ७२ एमएम. पट्टीचा ४७ सेंमीचा तुकडा घेतला तर नेढ्यापुढे साधारण ४५ सेंमीची निमुळती पट्टी तयार होते. लांबी कमी न होता टिकते, कारण रुंदी कमी करताना लोखंड लांबते. १२० सेंमीच्या फाटकाला तेवढी लांबी योग्य आहे. रुंदीच्या एक-तृतीयांशापेक्षा आखूड पट्टी ठेवू नये.

दोन्ही तुकडे एकदम कापा, दोन्हींवर टोकापासून ७२ एमएमवर पंचाची खूण करा, आणि प्रत्येक पायरी दोन्हींवर लागोपाठ करा. एक पूर्ण करून दुसऱ्याला हात घातला तर जोड जुळत नाही.

पट्टीचे शेवटचे दीड सेंमी आधी ३ एमएमपर्यंत पातळ करा, म्हणजे वळण बंद होताना टोक अंगाला चिकटून बसेल. मग ताव देऊन ते टोक ऐरणीच्या पलीकडच्या धारेबाहेर सेंमी-दीड सेंमी काढा आणि खाली वाकवा. पट्टी थोडी पुढे सरकवा, पुन्हा घाव. असे तीन-चारदा केल्यावर टोकाला अर्धे वळण येते. आता पट्टी उलटी करा, वळण वर, आणि टोकावर आपल्या दिशेने हलके घाव घालत ते गुंडाळत आणा. घाव वळणाच्या डोक्यावर सरळ खाली बसला तर नेढे चपटे होते. हातोडा किंचित तिरका, ढकलल्यासारखा मारायचा.

वळण जवळजवळ बंद झाले की त्यात दांडा घालून गोल करायचे. १८ एमएम सळईचे टोक घडवून निमुळते करून घ्या आणि तावातल्या नेढ्यात ठोकत न्या. दर वेळी बाहेर काढून खुंटी घालून बघा. ती अडखळता कामा नये, आणि खडखडताही कामा नये. नेढ्याची पाठ पट्टीच्या पाठीशी एका पातळीत आणि फुगीर भाग सगळा पुढच्या अंगाला, असे असले की पट्टी लाकडावर सपाट बसते.

जुने लोहार नेढ्याचे टोक टाकणखार टाकून पट्टीला ताव-जोड देत, म्हणजे दोन्ही खूप तापवून घावांनी एकजीव करत. ते कौशल्य सुरुवातीला येत नाही, आणि जोड फसला तर नेढेच जळते. चाळीस किलोच्या आतल्या फाटकाला घट्ट वळलेले नेढे चालते. त्याहून जड असेल तर वरच्या पट्टीचा सांधा वेल्डरकडून आतल्या कडेने भरून घ्या. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पट्टीचा उतार आणि पिंपळपान

नेढ्याजवळ पट्टी पूर्ण ४० एमएम राहू द्या. तिथे जोर जास्त असतो. पुढे ती २५ एमएमपर्यंत निमुळती होऊ द्या. पट्टी कडेवर उभी धरून मारली की जाडी वाढते, मग सपाट ठेवून ती पुन्हा ६ वर आणायची. कडेवर चार घाव, सपाटीवर दोन, हा क्रम सोडला तर पट्टी पिळवटते.

टोकाला पिंपळपान छान दिसते आणि अवघडही नाही. टोकापासून चार सेंमीवर पट्टी ऐरणीच्या धारेवर ठेवून दोन्ही कडांवर घाव घाला, म्हणजे गळा तयार होतो. पुढचा भाग तापवून हातोड्याच्या चोचीने मधून बाहेर पसरवा, टोक अणकुचीदार करा, आणि शेवटी बोथट छिन्नीने मधली शीर उमटवा. बाकीची वेलबुट्टी नंतर. पॅरिसच्या नोत्र दामच्या दारांवरचे लोखंडी वेल माणसाने केलेले नाहीतच, सैतानाने केले, अशी आख्यायिका आहे. तिथवर पोचायला वेळ लागतो. आधी फाटक न घासता फिरू द्या.

भोके तीन पुरेत, आणि पहिले नेढ्यापासून पाच-सहा सेंमीवर. ती पंचाने पाडणे मला ड्रिलपेक्षा जास्त आवडते, कारण पंच लोखंड बाजूला सारतो, काढून टाकत नाही, त्यामुळे भोकाभोवती पट्टी दुबळी होत नाही. केशरी तावात पंच उभा धरून चार-पाच घाव घाला, पंच पाण्यात बुडवा, पुन्हा घाला. खाली ऐरण टणक लागली की पट्टी उलटा. तिथे एक गडद ठिपका दिसेल. त्यावर पंच धरून ऐरणीच्या भोकावर मारले की छोटी चकती सुटून पडते. पंच थंड करायला विसरलात तर तो आतच फुगून अडकतो. तिन्ही भोके झाल्यावर पट्टी पुन्हा सरळ करून घ्या. पंच मारताना ती नेहमी थोडी वाकते.

रंग की तेल

घाटावरच्या कोरड्या हवेत, आडोशाच्या दाराला जवसाचे तेल चालते. पापुद्रे तारेच्या ब्रशने साफ करा, पट्टी हलकी गरम करा, एवढी की तेल लावताच धूर यावा, पण लाल नव्हे, आणि सुती फडक्याने पातळ थर द्या. काळा, मऊ झळाळीचा थर बसतो. ते तेलकट फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना स्वतः तापते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवा.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेपुढे तेल टिकणार नाही. तिथे रेड ऑक्साइडचा हात आणि वर काळ्या इनॅमलचे दोन हात द्या. पट्टीची लाकडाकडची बाजू बसवण्याआधीच रंगवा, कारण पाणी तिथेच साचते. खुंटी आणि नेढ्याचे आतले अंग मात्र रंगवू नका, तिथे ग्रीस. फाटक बाभळीचे असेल तर हे आणखी महत्त्वाचे. तिच्यातल्या टॅनिनमुळे उघड्या लोखंडाभोवती काळे डाग पडतात.

टांगणे

खांबावर ओळंबा सोडून दोरीची खूण करा आणि दोन्ही आकड्यांची भोके त्याच उभ्या रेषेत पाडा. दोन खुंट्या एका ओळंब्यात नसतील तर फाटक आपोआप उघडत किंवा मिटत राहील. फाटक ज्या बाजूला उघडायचे त्याच बाजूच्या अंगावर आकडे आणि पट्ट्या येतात.

वरच्या आकड्याचा पाय खांबातून आरपार घाला. कोपरा आणि खांब यांच्यामध्ये ४० बाय ६ च्या उरलेल्या पट्टीचा भोक पाडलेला तुकडा आणि एक साधा वायसर ठेवा, मागे मोठा वायसर आणि नट. या जाडीमुळे खुंटी खांबापासून इतकी पुढे राहते की नेढे खांबाला घासत नाही. खालच्या आकड्यासाठी पायापेक्षा थोडे बारीक भोक आधी पाडा, नाहीतर खांब फाटतो. ठोकताना घाव कोपऱ्याच्या मागे, पायाच्या रेषेत घाला. खुंटीच्या डोक्यावर मारला तर ती कलते. वरच्याइतकीच पुढे राहिली की थांबा.

खांब जांभ्याचा असेल तर ठोकायचे नावच नको. जांभा मऊ, फाटकाच्या हिसक्यांनी भोक मोठे होत जाते. तिथे दोन्ही आकड्यांचे पाय लांब ठेवा, टोक छिन्नीने उभे चिरून दोन फाकळ्या माशाच्या शेपटीसारख्या वाकवा, आतून रुंद केलेल्या भोकात घालून एकास तीन सिमेंट-वाळूने भरा. ओळंबा पुन्हा तपासा, खुंट्यांना लाकडाचा टेकू द्या आणि सात दिवस पाणी मारत राहा. त्याआधी फाटक टांगू नका.

फाटक जागेवर उभे करून खाली पाचरी द्या आणि दुसऱ्या खांबाकडे आठ-दहा एमएम फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगते. नेढी खुंट्यांवर बसवा, पट्ट्या फाटकावर टेकवून भोकांच्या खुणा घ्या, मग फाटक उतरवून बोल्टची भोके पाडा. चौकोनी मानेचे बोल्ट आरपार, नट मागून. पाचरी काढल्यावर फाटक थोडे बसेल, तेवढे अपेक्षित आहे. फाटक कुणी उचलून नेईल अशी भीती असेल तर वरच्या खुंटीच्या डोक्यात आडवे भोक पाडून पिन घाला.

पहिल्या महिन्यानंतर सगळे नट पुन्हा आवळा, कारण नवे लाकूड आकसते. नंतर दर वर्षी मिरगाच्या आधी फाटक उचलून खुंट्या पुसायच्या, ग्रीस भरायचे आणि परत बसवायचे.